कोकणातल्या गावात घरांची टंचाई: सरपंच, वाडीप्रमुख आणि मुंबई ग्रामस्थ मंडळाने मिळून काम कोणत्या क्रमाने करावे

पंचायत समितीतून घरकुलाचे उद्दिष्ट आले की गावात एकच धावपळ सुरू होते. आधार, पासबुक, रेशनकार्ड, फोटो. नाव मंजूर होते, पेढे वाटले जातात. मग तलाठ्याकडे गेल्यावर कळते की ज्या घरठाणावर घर बांधायचे त्याच्या सातबाऱ्यावर चाळीस-पन्नास नावे आहेत, त्यांतली निम्मी माणसे हयात नाहीत आणि उरलेली नालासोपारा, दिवा, डोंबिवलीत विखुरलेली आहेत. मुदत संपते, मंजुरी रद्द होते आणि गाव म्हणते, सरकार पैसे देत नाही. पैसे आलेले असतात. जागेचा कागद नसतो.

म्हणून हा क्रम पाळा: आधी माणसे, मग मोजदाद, मग जागा, मग संमती, मग ग्रामसभा आणि योजना सर्वांत शेवटी. पुढचे सगळे रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या ग्रामपंचायतींसाठी आहे. नगरपंचायतींचे नियम वेगळे आहेत, त्यांना हे जसेच्या तसे लागू होणार नाही.

टप्पा १: कोण कोण एकत्र बसणार

एकटा सरपंच हे काम करू शकत नाही आणि एकट्याने करूही नये. सात ते नऊ जणांचा गट पुरतो. सरपंच किंवा उपसरपंच, विरोधी गटातला किमान एक सदस्य, पोलीस पाटील, बचत गटाची एक कर्ती बाई, किनारपट्टीचे गाव असेल तर मच्छीमार सोसायटीचा माणूस, कातकरी किंवा बौद्धवाडी असेल तर त्या वाडीतला माणूस आणि मुंबई ग्रामस्थ मंडळाचा, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाचा, प्रतिनिधी. ग्रामसेवक आणि तलाठी यांना गटात घेऊ नका, पण बैठकीला बोलवा. (२०२४ पासून त्यांची पदनावे ग्रामपंचायत अधिकारी आणि ग्राम महसूल अधिकारी अशी झाली आहेत. अर्जावर नवे नाव घाला, बोलताना जुनेच चालते.)

विरोधी गटाचा माणूस सुरुवातीपासून हवा, यावर मी अडून बसेन. पुढे संमतीपत्रे गोळा करताना एखाद्या भावकीला "हे सरपंचाचे काम आहे, सही करू नको" असा निरोप गेला की वर्ष वाया जाते. त्याच गटाचा माणूस टेबलाशी बसलेला असेल तर असा निरोप निघत नाही.

गट ग्रामपंचायत असेल तर प्रत्येक महसुली गावाचा माणूस घ्या. शेजारच्या ग्रामपंचायतीलाही पहिल्याच महिन्यात पत्र द्या. अनेकदा घरे नसलेली माणसे एका गावात असतात आणि बांधण्याजोगा सडा (कातळाचे मोकळे पठार) शेजारच्या गावाच्या हद्दीत असतो.

> तपासा: पुढच्या सहा महिन्यांत कुठली निवडणूक आहे का? आचारसंहितेत ग्रामसभेचे ठराव आणि नव्या मंजुऱ्या अडकतात. तारखा आधी बघून वेळापत्रक लावा.

टप्पा २: तीन याद्या, एक नव्हे

नेहमीची चूक म्हणजे फक्त "ज्यांना घर हवे" अशांची यादी. ती यादी कधीच खरी निघत नाही, कारण घर कोणाला नको असते? तीन वेगळ्या याद्या करा.

पहिली यादी मोडकळीस आलेल्या आणि कच्च्या घरांची. दुसरी, एका छपराखालच्या वेगळ्या चुलींची. तिसरी, बंद घरांची.

दुसऱ्या यादीला वेळ द्या, कारण कोकणातली खरी टंचाई तिथे दडलेली असते. बाहेरून बघितले तर प्रशस्त कौलारू घर दिसते. आत माजघरात थोरला भाऊ, पडवीला पत्रे ठोकून मधला आणि गोठा सारवून त्यात धाकटा. भांड्यांच्या मांडण्या तीन, गॅस तीन, पण दारावर घरपट्टीचा क्रमांक एक. नमुना ८ च्या, म्हणजे घरपट्टीच्या, उताऱ्यात हे एकच घर दिसते, म्हणून सर्वेक्षणात मधला आणि धाकटा कुठेच येत नाहीत. रेशनकार्ड वेगळे आहे का, चूल किती वर्षांपासून वेगळी आहे, हे घरात जाऊन विचारा. हे काम बाईने केलेले बरे. पुरुषांना उत्तर मिळते, "आम्ही एकत्रच आहोत."

तिसऱ्या यादीत प्रत्येक बंद घरापुढे तीन गोष्टी लिहा: मालक कुठे राहतो, गणपतीला घर उघडते का, छप्पर शाबूत आहे का. शेवटच्या टप्प्यात ही यादी लागणार आहे.

शाळेतले शिक्षक, उपकेंद्रातली नर्स, बंदरावरचे खलाशी, आंब्याच्या बागेतले नेपाळी राखणदार यांची नोंद वेगळ्या कागदावर ठेवा. त्यांना घरकुल मिळणार नाही, पण राहायला जागा त्यांनाही लागते. त्यांचा हिशेब धरला नाही तर गावातल्या भाड्याच्या खोल्यांचे गणित चुकते.

> सावध: यादी भिंतीवर लावण्यापूर्वी प्रत्येक वाडीत वाचून दाखवा. आधी लावली आणि मग नाव घातले की पक्षपाताचा आरोप होतो, आणि तो पुसला जात नाही.

टप्पा ३: जागेचा नकाशा

घाटावर गाव म्हणजे एक गावठाण आणि भोवती शेती. कोकणात तसे नाही. गाव दहा वाड्यांत पसरलेले, प्रत्येक वाडीतली घरे वरकस (हलक्या डोंगरउताराच्या) किंवा बागायत नंबरात, आणि कागदोपत्री गावठाण एखाद्याच वाडीपुरते. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळतात त्या गावठाणातल्या घरांना. बाहेरच्या वाड्या त्यात येत नाहीत. "ड्रोन येऊन गेला, आता सगळ्यांना कार्ड मिळेल" असे गावात सांगत फिरू नका.

भूमी अभिलेख कार्यालयातून गावाचा नकाशा काढा, त्यावर वाड्या पेन्सिलने दाखवा आणि ज्या नंबरांत घर होऊ शकते असे वाटते त्यांचे सातबारे काढा. सातबाऱ्यावर नाव आणि क्षेत्र बघून थांबू नका, इतर हक्कांचा आणि भूधारणा पद्धतीचा रकाना वाचा. तिथे वन, खाजगी वन, देवस्थान, कुळाचे नाव, बँकेचा बोजा, भोगवटादार वर्ग २ (परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) यांपैकी काही लिहिले असेल तर तो नंबर वेगळ्या यादीत टाका. तो सोडायचा असे नाही, पण त्याला वेळ लागणार, आणि घरकुलाची मुदत तोवर थांबत नाही.

गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन महसूल संहितेच्या कलम ४२ड खाली रहिवासी वापरात येऊ शकते. त्यासाठी तहसीलदाराकडे रूपांतर कर आणि इतर रकमा भराव्या लागतात. हा पट्टा नकाशावर आधी रंगवा. बरीच कामे इथेच सुटतात.

किनाऱ्यालगत सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) बघावा लागतो. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत ना विकास क्षेत्र धरले जाते. २०११ च्या जनगणनेत चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त लोकसंख्या असलेल्या दाट भागात हे अंतर ५० मीटर आहे. खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतके, यांपैकी जे कमी ते. जुन्या अधिकृत घरांची दुरुस्ती आणि पारंपरिक मच्छीमार वस्त्यांसाठी सवलती आहेत, पण त्या तोंडी ऐकून पाया खणू नका. गावाचा मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशा बघा आणि आपला नंबर कुठे पडतो ते लेखी घ्या.

मग डोंगर. २२ जुलै २०२१ ला महाडमधले तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापुरातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. स्वस्त आणि मोकळी जागा नेमकी डोंगराच्या पायथ्याशी किंवा वहाळाच्या (ओढ्याच्या) कडेला असते. पावसाळ्यात एकदा जाऊन बघा. कुठे नवे झरे फुटलेत, झाडे कलली आहेत, जमिनीला भेगा आहेत का? तशा जागेवर वीस घरांची वसाहत करू नका, मग ती फुकट मिळत असली तरी.

> तपासा: निवडलेल्या प्रत्येक जागेवर मे महिन्यात पाणी आहे का आणि चिऱ्याचा टेम्पो पोचतो का? पाखाडीच्या पायवाटेवरून डोक्यावर चिरे वाहायचे म्हटले की मजुरीच घराएवढी होते.

टप्पा ४: सामाईक सातबाऱ्याची गाठ

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात. तीन मार्ग आहेत. कुठला घ्यायचा ते भावकी किती जुळते आहे त्यावर ठरवा.

पहिला, सहहिस्सेदारांचे संमतीपत्र. अमुक नंबरात अमुक ठिकाणी अमुक चौरस फुटांवर अमक्याने घर बांधायला आमची हरकत नाही, एवढेच. घरकुलासाठी पंचायत समिती बहुतेक वेळा हेच मागते. यातून मालकी बदलत नाही. दुसरा, हक्कसोडपत्र किंवा बक्षीसपत्र. याची नोंदणी दुय्यम निबंधकाकडे व्हायलाच हवी, साध्या कागदावरच्या हक्कसोडीला किंमत नाही. तिसरा, महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडून वाटप. यात सगळ्यांची संमती असेल तरच काम सुरळीत होते, पण झाले की पुढच्या पिढीचाही प्रश्न मिटतो.

माझे मत: घरकुलाची मुदत डोक्यावर असताना वाटपाच्या मागे लागू नका. संमतीपत्र घ्या, घर उभे करा, वाटपाचा अर्ज समांतर चालू ठेवा.

कामाचा क्रम असा. जुने फेरफार काढून वंशावळ लिहा. मयत खातेदारांच्या वारस नोंदी तलाठ्याकडे एकदम द्या, एकेक नको. जिवंत माणसांची यादी फोन नंबरांसह करा. ती यादी मुंबई मंडळाच्या हातात द्या.

मंडळाने रविवारी बैठक घ्यावी आणि गावातून दोघांनी नकाशा घेऊन तिथे जावे. चाकरमान्याच्या मनातली भीती सरळ असते: आज पाचशे फुटांची सही दिली, उद्या सगळा हिस्सा गेला तर? त्याला उत्तर भाषणाने मिळत नाही. संमतीपत्राचा मसुदा मोठ्याने वाचा. त्यात जागेची लांबी-रुंदी, चतु:सीमा आणि "उर्वरित क्षेत्रातील आमचा हिस्सा अबाधित राहील" हे वाक्य असू द्या. सोबत हाताने काढलेला का होईना, नकाशा जोडा. सही झाल्यावर त्याची एक प्रत त्यालाच द्या. प्रत मिळाली की अर्धा संशय जातो.

सह्यांचा हंगाम गणपती आणि शिमगा. चतुर्थीच्या दिवशी कोणाकडे कागद घेऊन जाऊ नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आरत्यांच्या फेरीनंतर वाडीत बसा. आखातात असलेल्यांकडून कुलमुखत्यारपत्र मागवायचे तर ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्या आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरा.

इथल्या नेहमीच्या चुका:

- फक्त भावांच्या सह्या घेणे. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बहिणीही वारस आहेत.
- कोऱ्या मुद्रांकावर सही घेऊन ठेवणे. एकदा असे झाल्याचे कळले की पुढची दहा घरे सही देत नाहीत.
- घरपट्टी भरतो म्हणजे मालक, असे समजणे. नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही.
- वारसांत अज्ञान (अठरा वर्षांखालचे) मूल असताना वकिलाला न विचारता हक्कसोड करून घेणे.

जमिनीचा छोटा तुकडा विकत घेऊन द्यायचा असेल तर तुकडेबंदी, म्हणजे ठरावीक मापापेक्षा लहान तुकडा विकण्यावरची बंदी, आडवी येते. मार्च २०२४ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन ग्रामीण घरकुलाच्या लाभार्थ्यासाठी १००० चौरस फुटांपर्यंतचा व्यवहार जिल्हाधिकाऱ्यांच्या मान्यतेने करता येतो. कित्येक गावांत हे माहीतच नाही, आणि "तुकडा पडत नाही" म्हणून लोक अजून परत पाठवले जातात.

टप्पा ५: ज्यांच्या नावावर काहीच नाही

कातकरी वाड्या आणि काही मजूर कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या जागेत राहतात. इथे दोन गोष्टी एकदम करा. मालकाशी बोलणी करा, आणि राहत्या घराच्या जागेबाबत कुळकायद्यात जी संरक्षणाची कलमे आहेत ती वकिलाकडून तपासून घ्या. बोलणी तुटल्यावर कायदा काढला तर ती धमकी ठरते. आधीच माहीत असला तर बोलणी नीट होतात.

जागा विकत घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना आहे. तीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेला एक लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. पाच-सहा कुटुंबांनी एकाच मालकाकडून लगतची जागा घेतली तर मोजणी, वाट आणि पाणी यांचा खर्च वाटला जातो. ही जुळवाजुळव करणे हेच गटाचे काम.

सरकारी जमीन असेल तर मागणी तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, आणि गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकारही कलम १२२ खाली जिल्हाधिकाऱ्यांचाच आहे. गायरान सहज मिळेल असे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग निकालानंतर ते दार बहुतेक बंद झाले आहे.

टप्पा ६: ग्रामसभा

एवढे झाल्यावर ग्रामसभा. आधी नव्हे. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असलेली संख्या लागते. आदल्या दिवशी महिला सभा घ्या आणि तिचा ठराव ग्रामसभेत वाचा.

"घरकुलासाठी जागा मिळावी असे सर्वानुमते ठरले" असा ठराव कार्यालयात गेला की तसाच फायलीत झोपतो. ठराव असा हवा:

*"मौजे ___ येथील स. नं. ___ हि. नं. ___, एकूण क्षेत्र ___ पैकी ___ आर, सोबतच्या नकाशात लाल रंगाने दाखवलेले, पूर्वेस ___, पश्चिमेस ___, दक्षिणेस ___, उत्तरेस ___, हे क्षेत्र परिशिष्टातील ___ कुटुंबांच्या घरांसाठी मिळावे म्हणून मा. तहसीलदार यांच्यामार्फत मा. जिल्हाधिकारी यांच्याकडे मागणी करण्यात यावी. सूचक ___, अनुमोदक ___."*

> सावध: ग्रामसभेचा ठराव मागणी करतो, मालकी देत नाही. खाजगी जागेबाबत ठराव करून तिथे कोणाला बसवले तर सरपंचावर दावा येतो.

टप्पा ७: आता योजना

प्रधानमंत्री आवास ग्रामीणचा दुसरा टप्पा २०२४-२५ ते २०२८-२९ असा आहे. मूळ मदत सपाट भागात १ लाख २० हजार. त्यावर शौचालयाचे १२ हजार आणि रोजगार हमीतून ९० दिवसांपर्यंतची अकुशल मजुरी. राज्याने २०२५ मध्ये ५० हजारांची भर जाहीर केली, त्यातले काही सौर पॅनेलशी जोडलेले आहेत. आपल्या लाभार्थ्याला प्रत्यक्ष किती मिळणार ते पंचायत समितीतून लेखी घ्या. कातकरी कुटुंबांसाठी पीएम-जनमन या आदिम जमातींच्या केंद्रीय योजनेतून घराला २ लाख आहेत, तेव्हा त्यांची नावे साध्या यादीत घुसडू नका. रमाई, शबरी, मोदी आवास या राज्याच्या योजनांचे निकष वेगळे आहेत. एका कुटुंबाचे नाव एकाच ठिकाणी असू द्या, दोन ठिकाणी दिसले की दोन्हीकडून अडते.

आधारला जोडलेले खाते चालू आहे का, ते आधी एक रुपया जमा करून बघा. वर्षानुवर्षे न वापरलेली खाती बंद झालेली असतात.

टप्पा ८: बांधकाम पावसाच्या हिशेबाने

चिरेखाणी पावसात बंद असतात आणि जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर उघड्या भिंतीवर काम होत नाही. म्हणून पाया दिवाळीनंतर लगेच, भिंती माघापर्यंत, छप्पर शिमग्याच्या आसपास. मे महिना गिलावा आणि राहिलेल्या कामांसाठी. मंजुरी फेब्रुवारीत आली तर पाया आणि जोते घालून पावसाळा जाऊ द्या. पत्रे नसलेल्या भिंती चार महिने भिजवण्यापेक्षा ते बरे.

चिरा, सिमेंट, पत्रे वाडीने मिळून मागवा. एका घरासाठी येणारा ट्रक आणि आठ घरांसाठी येणारा ट्रक यांचा दर एक नसतो. घरकुलाला पाच ब्रास वाळू विनामूल्य देण्याची तरतूद २०२५ च्या वाळू धोरणात आहे. अर्ज तहसीलला वेळेत द्या, वाहतूक मात्र आपल्यालाच करावी लागते.

सगळ्यांत मोठी चूक जोत्याच्या मापाची. योजनेतले किमान घर २५ चौरस मीटरचे आहे. लोक "एकदाच बांधतोय" म्हणून सहाशे-सातशे फुटांचे जोते घालतात आणि लिंटेलला पैसे संपतात. पुढचा हप्ता तर काम दिसल्याशिवाय आणि जिओ-टॅग फोटो चढल्याशिवाय येत नाही. लहान घर पूर्ण करा, वाढवायची दिशा ठरवून मोकळी ठेवा. पाया खणण्यापूर्वी पंचायत समितीच्या गृहनिर्माण अभियंत्याला जागेवर आणा.

टप्पा ९: बंद घरांची कुलुपे

आता ती तिसरी यादी काढा. नवे घर उभे राहायला दोन वर्षे लागतील, छप्पर शाबूत असलेले बंद घर दोन महिन्यांत उघडू शकते. शिक्षक, नर्स किंवा पडक्या घरातून तात्पुरते हलवायचे कुटुंब यांच्यासाठी हा मार्ग आहे. मालक नाही म्हणतो, कारण त्याला वाटते कूळ लागेल.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आपल्या गावाला लागू आहे का ते आधी वकिलाकडून तपासा, असेल तर तो त्याला दाखवा. कलम ५५ प्रमाणे लेखी, नोंदणीकृत भाडेकरार लागतो. अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार नोंदवला असेल तर मुदत संपल्यावर ताबा परत मिळवण्यासाठी कलम २४ चा आधार आहे. तोंडी ठेवलेल्या माणसाचीच भीती बाळगायची असते, करारावर आलेल्याची नव्हे.

करारात दोन कोकणी अटी घाला. गणपतीचे आणि शिमग्याचे दिवस माजघर आणि देवघर मालकाला मोकळे द्यायचे, त्या दिवसांचे भाडे वजा. पावसाळ्यापूर्वी कौले चाळण्याचा खर्च भाड्यातून वळता करायचा. या दोन अटींवर नाही म्हणणारे बरेच मालक हो म्हणतात. घरपट्टी आणि वीजबिल कोण भरणार ते करारात लिहा, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या आणि किल्लीची दुसरी जोडी मालकाने सांगितलेल्या शेजाऱ्याकडे ठेवा, ग्रामपंचायतीत नको.